फ्यूज खाणारा जुना टीव्ही: माझा अनुभव

खानापुरातल्या आमच्या घरचा 21 इंची डबा टीव्ही, चालू केला की फ्यूज गेलाच. शेजारचे काका म्हणाले, "फ्यूजच्या जागी तांब्याची तार घाल की रे!" असलं कधी करू नका, बोर्ड जळून जातो.

आधी उडालेला फ्यूज उजेडात धरून बघा. नुसती तार तुटलेली असेल तर एक वेळ जुनेपणाने गेला म्हणता येतं. आमच्याकडे काच आतून काळीकुट्ट, चंदेरी शिंतोडे उडालेले. म्हणजे सरळ शॉर्ट.

दर वेळी फ्यूज घालवण्यापेक्षा 100 वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे टीव्हीचा करंट त्याच्यातूनच जाईल असा, लावला. (एलईडी बल्ब इथे चालत नाही.) शॉर्ट असेल तर तो फुल पेटून राहतो. राहिलाच. मग प्लग काढून मोठ्या कपॅसिटरमधली वीज बल्बवर उतरवून घेतली. त्यात 300 व्होल्टच्या वर साठलेले असतात, गंमत नाही. डायोड, सप्लायचा ट्रान्झिस्टर मीटरवर ठीक. डीगॉसिंग कॉइलची (पिक्चर ट्यूबवरचं चुंबकत्व घालवणारी कॉइल) पिन काढली, तरी बल्ब तसाच.

शेवटी त्या कॉइलचा तीन पायांचा पॉझिस्टर (गरम झाला की करंट अडवणारा भाग) उपसला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला! पॉझिस्टर कानाशी हलवला तर आत तुकडे खुळखुळतायत.

खडे बाजारात दुकानदार आधी "इल्ला री" (कन्नडमध्ये "नाही हो") म्हणाला, मग जुन्या डब्यातून एक काढून दिला. पॉझिस्टरशिवायही टीव्ही चालतो, फक्त कोपऱ्यात रंगाचे डाग धरतात. फ्यूज मात्र बोर्डावर छापलेल्या अँपिअरचाच घाला.