कॉलेज आइस हॉकी संघाचा पॉवर प्ले कसा सुधारावा

आइस हॉकीमध्ये प्रतिस्पर्धी संघातील खेळाडूला मायनर पेनल्टी झाली की तो 2 मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये बसतो आणि तेवढा काळ आपले पाच स्केटर समोरच्या चौघांविरुद्ध खेळतात; यालाच पॉवर प्ले म्हणतात. या काळात आपण गोल केला की ती शिक्षा तिथेच संपते. 5 मिनिटांच्या मेजर पेनल्टीत मात्र गोल झाल्यानंतरही उरलेला वेळ आपलाच असतो. अमेरिकेतील एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या डिव्हिजन वनमधील संघ नियमित हंगामात साधारण 34 सामने खेळतो. दर सामन्यात सरासरी चार पॉवर प्ले मिळतात असे धरले, तर हंगामात सुमारे 136 संधी येतात आणि यशाचे प्रमाण 18 टक्क्यांवरून 23 टक्क्यांवर नेणे म्हणजे जवळपास सात गोल अधिक मिळवणे होय. एका गोलाने सुटणारे सामने या खेळात इतके असतात की हे सात गोल संघाचे क्रमवारीतील स्थान बदलू शकतात.

पॉवर प्ले चालेनासा झाला की प्रशिक्षक सहसा खेळाडूंच्या जागा बदलतात किंवा नवी रचना शिकवायला घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. रचना उपयोगी पडते ती पक (खेळातली रबरी चकती) प्रतिस्पर्ध्याच्या झोनमध्ये, म्हणजे ब्लू लाइनपलीकडच्या त्याच्या गोलकडील भागात, आपल्या ताब्यात आल्यानंतर. आणि कॉलेज संघांची 120 सेकंदांपैकी बरीच सेकंदे त्याआधीच, म्हणजे झोनमध्ये शिरण्यात आणि निसटलेला पक परत मिळवण्यात, वाया जातात. म्हणून सुधारणेची सुरुवात रचनेपासून न करता वेळ कुठे गळतो हे शोधण्यापासून करावी.

आधी चित्रफीत, मग फळा

मागील आठ-दहा सामन्यांतील सर्व पॉवर प्लेंची चित्रफीत सलग पाहावी आणि प्रत्येक संधीसाठी मोजक्या गोष्टी नोंदवाव्यात: झोनमध्ये शिरण्याचे किती प्रयत्न झाले व त्यांतले किती साधले, झोनमध्ये ताबा एकूण किती सेकंद टिकला, फटक्यानंतर सुटलेला पक कोणी मिळवला, आणि गोलच्या मधोमध निघणाऱ्या काल्पनिक उभ्या रेषेला छेदून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे किती पास पोहोचले. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण असा पास झाला की गोलरक्षकाला एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकावे लागते आणि तो स्थिर होण्यापूर्वी मारलेला फटका अडवणे त्याला फार कठीण जाते. फटक्यांची नुसती संख्या मोजून काहीच कळत नाही; ब्लू लाइनवरून, समोर कोणी आडोशाला उभे नसताना मारलेले दहा फटके हे बहुधा समोरच्या संघाच्या सोयीचेच असतात.

ही नोंद तयार झाली की दोष आपोआप वेगळे दिसू लागतात. ताबा टिकतो, पण फटके दुरूनच होत असतील, तर प्रश्न रचनेचा आणि पासच्या वेगाचा आहे. दोन मिनिटांपैकी चाळीस सेकंदेही पक झोनमध्ये राहत नसेल, तर रचनेवर घालवलेला सराव व्यर्थ आहे.

झोनमध्ये प्रवेश

पॉवर प्लेची सुरुवात सहसा प्रतिस्पर्ध्याच्या झोनमधील फेसऑफने, म्हणजे दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकून, होते. तो हरला तर समोरचा संघ पक थेट आपल्या टोकापर्यंत फेकतो, आणि एक खेळाडू कमी असताना त्याला त्यासाठी आइसिंगचा (पक आपल्या अर्ध्या भागातून थेट दुसऱ्या टोकापर्यंत मारण्याचा) दंडही होत नाही. पक मागून आणून पुन्हा जम बसवेपर्यंत पंधरा-वीस सेकंदे निघून जातात. त्यामुळे फेसऑफ घेणारा खेळाडू निवडताना त्याच्या फटक्यापेक्षा त्याच्या फेसऑफमधील हुकमतीला अधिक वजन द्यावे. तसेच दोन्ही बाजूंच्या विंगरनी (कडेच्या आक्रमकांनी) सुटलेल्या पकवर पहिल्या क्षणी झेप घेणे ही सवय म्हणून बाणवावी, कारण अनेक फेसऑफ ते घेणाऱ्या दोन सेंटरमध्ये (मधल्या आक्रमकांमध्ये) सुटतच नाहीत आणि विंगरच त्यांचा निकाल लावतात.

प्रवेशाची आज सर्वाधिक प्रचलित पद्धत ड्रॉप पासची आहे. बचावपटू वेगाने पक घेऊन न्यूट्रल झोनमध्ये, म्हणजे दोन ब्लू लाइनच्या मधल्या भागात, येतो, समोरचे चौघे त्याच्या दडपणाने मागे सरकतात, आणि तो पक मागे सोडतो. मागून पूर्ण वेगात येणारा सहकारी तो उचलून रिकाम्या बाजूने ब्लू लाइन ओलांडतो. कॉलेज संघांत ही पद्धत फसते ती मुख्यतः पहिल्या खेळाडूमुळे. आपण पक मागे सोडणारच आहोत हे त्याच्या देहबोलीतून दिसते, त्याचा वेग अर्धवट असतो आणि समोरचे बचावपटू मागे हटण्याऐवजी ब्लू लाइनवर ठाण मांडून उभे राहतात. म्हणून नियम असा ठेवावा की पहिल्या खेळाडूने स्वतःच आत घुसण्याच्या इराद्याने यावे, आणि समोरचा फॉरवर्ड मागच्या सहकाऱ्याकडे वळलेला दिसला तर पक न सोडता खरोखरच आत न्यावा. ब्लू लाइनवर थांबलेल्या दोन्ही विंगरनी रेषेला समांतर सरकत राहावे, म्हणजे पक रेषा पूर्णपणे ओलांडेपर्यंत ते त्याच्याआधी पलीकडे जाऊन ऑफसाइड होणार नाहीत आणि एका जागी गोठलेलेही राहणार नाहीत.

समोरचे चौघे रेषेवर एका ओळीत उभे असतील तर हट्टाने त्यांच्यातून जाऊ नये. अशा वेळी पक त्यांच्या मागे कोपऱ्यात टाकणेच शहाणपणाचे; मात्र तो जिथे पडणार आहे तिथे पूर्ण वेगाने निघालेला एक खेळाडू आधीपासून ठरलेला हवा, आणि दुसरा त्याच्या आधाराला जवळ हवा. कोणीही पाठलाग न करता टाकलेला पक म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेली भेट. दोन प्रवेश पूर्ण अंगवळणी पडलेले असावेत आणि तिसरा अडचणीच्या वेळेसाठी असावा. यापेक्षा जास्त पर्याय शिकवले तर खेळाडू धावण्याऐवजी विचार करत राहतात.

रचना खेळाडूंवरून ठरवावी

सध्या बहुतेक संघ 1-3-1 रचना वापरतात: ब्लू लाइनजवळ मध्यभागी एक बचावपटू, दोन्ही बाजूंना फेसऑफच्या वर्तुळांच्या परिसरात एकेक खेळाडू, चौघा बचाव करणाऱ्यांच्या मधोमध बंपर, आणि गोलसमोर एक. या मांडणीत पक असलेल्या जवळपास प्रत्येक खेळाडूला दोन-तीन छोटे पास उपलब्ध राहतात, आणि बंपर मध्ये असल्याने समोरच्यांना बाजूंकडे निर्धास्तपणे पसरता येत नाही.

रचनेचे नाव ठरवण्यापूर्वी कोण उजव्या हाताचा व कोण डाव्या हाताचा हे पाहावे. डावीकडच्या वर्तुळात उभ्या उजव्या हाताच्या खेळाडूची स्टिक मैदानाच्या मध्याकडे असते, त्यामुळे पलीकडून आलेला पास न थांबवता तो थेट मारू शकतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील वॉशिंग्टन कॅपिटल्सचा अलेक्झांडर ओवेच्किन वर्षानुवर्षे याच जागेवरून गोल करत आला आणि एप्रिल 2025 मध्ये वेन ग्रेट्झकीचा 894 गोलांचा विक्रम मोडणारा त्याचा 895 वा गोलही पॉवर प्लेवर, डाव्या वर्तुळातूनच झाला. त्या जागेवर तो उभा राहणार हे सर्वांना ठाऊक असते. तरीही ती जागा उपयोगी पडते, कारण त्याला अडवायला एक माणूस दिला की उरलेले चौघे तिघांविरुद्ध खेळतात. कॉलेज संघात ओवेच्किन नसतो, परंतु तत्त्व तेच राहते. ज्याचा थेट फटका खरोखर धोकादायक आहे अशा एका खेळाडूला त्याच्या हाताच्या सोयीची जागा द्यावी आणि बाकीची मांडणी त्याच्याभोवती बांधावी. असा खेळाडूच नसेल तर गोलरेषेजवळून व गोलमागून खेळणारी रचना अधिक फळते, कारण तिथे फटक्याच्या ताकदीपेक्षा हातातील कौशल्य आणि नजर लागते.

रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, मापाचाही विचार हवा. नेहमीचे रिंक 200 फूट लांब व 85 फूट रुंद असते, पण कॉलेज हॉकीत काही ठिकाणी 100 फुटांपर्यंत रुंद रिंक आढळतात. तिथे बोर्डालगतचा (रिंकभोवतीच्या भिंतीलगतचा) खेळाडू आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला तर तो गोलपासून सात फुटांहून अधिक लांब गेलेला असतो. अशा रिंकवर जागा बोर्डांवरून न मोजता फेसऑफच्या वर्तुळांवरून मोजण्याची सवय लावावी.

समोरच्यांना वळायला लावणे

पॉवर प्लेचे सारे मर्म इथे आहे. उभ्या असलेल्या, पकाकडे तोंड करून स्टिक पासच्या वाटेत धरलेल्या चौघांमधून गोल करणे कठीण असते. त्याच चौघांना मान वळवून मागे पाहावे लागले की त्यांच्या स्टिक वाटेतून हलतात आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचे तो त्यांच्या नजरेआड होतो. पक बाजूने खाली, गोलरेषेवर किंवा गोलमागे नेला की हेच घडते. पक ब्लू लाइनजवळच, बचावपटू आणि बाजूचे खेळाडू यांच्यात फिरत राहिला, तर दिसायला ताबा चांगला दिसतो, पण समोरच्या संघाला काहीच हलावे लागत नाही.

म्हणून खेळाडूंना एक साधा प्रश्न सतत विचारायला शिकवावे: माझ्या पासमुळे समोरचा कोण हलला? कोणीही हलला नसेल तर पुढची कृती वेगळी हवी. पक घेतलेल्या खेळाडूने जागेवर थांबून पर्याय शोधण्याऐवजी आतल्या बाजूस दोन पावले स्केट करून एका बचाव करणाऱ्याला स्वतःकडे ओढावे आणि तो आला की त्याने सोडलेल्या जागेत पास द्यावा. पक मिळण्यापूर्वीच पुढचा पास कुठे द्यायचा हे डोळ्यांनी टिपलेले असावे. पक फिरवण्याचा वेग हा मनगटांपेक्षा या आगाऊ पाहण्यावर अधिक अवलंबून असतो.

समोरचा संघ कसा बचाव करतो यावर निवड बदलते. तिघे गोलसमोर त्रिकोणात आणि एक वर पाठलाग करणारा अशी मांडणी असेल, तर आडवे पास अडतात. तेव्हा गोलमागून खेळून त्रिकोणाला पाठ फिरवायला लावावी. चौघेही आक्रमकपणे अंगावर येत असतील, तर पाचही जणांनी जवळ येऊन एका स्पर्शाचे छोटे पास द्यावेत, कारण दडपण टाकणारा खेळाडू एकदा चुकवला की त्याच्यामागे मोठी जागा रिकामी असते. असे संघ हल्ला करण्यासाठी ठरावीक क्षण शोधतात: पक उसळणे, पास पायात येणे किंवा खेळाडूने गोलकडे पाठ करणे. या तिन्ही प्रसंगी जवळच्या सहकाऱ्याने न बोलावता आधाराला यावे.

फटक्यानंतरची तीन सेकंदे

गोलच्या अगदी बाजूने निसटलेला जोरकस फटका बोर्डांवरून वळसा घेत थेट ब्लू लाइनकडे जातो आणि बऱ्याचदा झोनबाहेर पडतो. त्यामुळे फटका गोलवर लागणे हे बहुतेक वेळा कोपरा टिपण्यापेक्षा मोलाचे आहे. गोलरक्षकाच्या दूरच्या पायाच्या पॅडवर खाली मारलेला फटका कोणत्या बाजूला उसळेल याचा अंदाज आपल्या खेळाडूंना आधीच असतो. फटका सुटताच गोलसमोरचा खेळाडू, बंपर आणि त्या बाजूचा खेळाडू अशा तिघांनी पकवर जावे, जेणेकरून कोपऱ्यात नेहमी आपली संख्या जास्त राहील. थकलेल्या चौघांना पक बाहेर काढता आला नाही, तर दुसऱ्या ताब्यात ते पहिल्यापेक्षा हळू झालेले असतात आणि गोल पुष्कळदा तेव्हाच होतो.

सराव

एनसीएएच्या नियमानुसार हंगामात खेळाडूंना आठवड्याला 20 तास आणि दिवसाला 4 तास इतकाच वेळ देता येतो, आणि चित्रफितींच्या बैठकाही त्यातच धरल्या जातात. सामने बहुधा शुक्रवारी व शनिवारी असतात. म्हणून पॉवर प्लेच्या सरावासाठी बर्फावरचा वेळ थोडाच उरतो आणि तो विरोधकांशिवाय पाच जणांनी पक फिरवण्यात घालवू नये. त्यातून आखणी समजते, पण दडपणाखाली निर्णय घेणे येत नाही. पहिल्या काही मिनिटांत बचाव करणाऱ्यांनी स्टिक उलट्या धराव्यात आणि त्यानंतर पूर्ण ताकदीने खेळावे. प्रत्येक फेरी आपल्या झोनमधून, मागे फेकलेल्या पकापासून सुरू करावी, म्हणजे प्रवेशाचा सरावही त्यातच होतो. कोपऱ्यात तिघांविरुद्ध दोघे असा छोट्या जागेतील खेळ पक परत मिळवण्यासाठी उत्तम.

कॉलेज संघात पदवी घेऊन, व्यावसायिक करार करून किंवा दुसऱ्या विद्यापीठात जाऊन दरवर्षी खेळाडू निघून जातात. पॉवर प्लेच्या पहिल्या गटातील प्रत्येक जागेसाठी दुसऱ्या गटात एक खेळाडू त्याच भूमिकेत तयार होत असेल, तर शरद ऋतूतल्या नव्या हंगामात पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागत नाही.

निकाल वाचताना धीर धरावा. 20 टक्के यश मिळवणाऱ्या गटाचेही सलग दहा पॉवर प्ले निष्फळ जाण्याची शक्यता सुमारे 11 टक्के असते, म्हणजे प्रत्येक हंगामात असा काळ येणे अगदी स्वाभाविक आहे. एनएचएलमध्ये एडमंटन ऑइलर्सने 2022-23 च्या हंगामात 32.4 टक्क्यांचा विक्रम केला. त्यांनाही तीनपैकी दोन वेळा गोल मिळाला नाही. प्रवेश साधत असतील, ताबा टिकत असेल आणि आडवे पास पोहोचत असतील, तर दोन आठवड्यांच्या अपयशावरून गट मोडू नये. हे तिन्ही आकडे घसरले असतील तर मात्र गोल होत असले तरी बदल करावा.

शेवटच्या दहा सेकंदांसाठी वेगळी सूचना द्यावी. पेनल्टी बॉक्समधील खेळाडू बाहेर पडताना आपल्या बचावफळीच्या मागे मोकळा सापडू शकतो, म्हणून राखीव बाकावरून वेळ मोठ्याने सांगण्याची जबाबदारी एका ठरलेल्या व्यक्तीकडे असावी आणि ती हाक येताच वरच्या बचावपटूने जोखमीचा पास टाळून पक बोर्डालगत खाली खेळावा.