वजनमर्यादेचा आकडा काढताना

रस्त्यांच्या सल्लागार कंपनीत रुजू झालेल्या नव्या अभियंत्याला एखाद्या रस्त्यावर किती वजनाचे ट्रक सोडावेत असे विचारले, तर तो बहुधा ट्रकचे एकूण वजन सांगतो. पुण्यात नोकरीला लागल्यावर मीही तेच सांगितले होते. वास्तविक रस्ता सोसतो ते एकेका एक्सलचे, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या आसावर येणारे, वजन. 2018 मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी एक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. वाढ किरकोळ वाटते, पण अमेरिकेत इलिनॉय येथे 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांतून निघालेला चतुर्थ घाताचा नियम (झीज एक्सलच्या वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते) लावला, तर तुलनेसाठी धरल्या जाणाऱ्या 8.16 टनांच्या प्रमाण एक्सलपेक्षा 10.2 टनांचा एक्सल सुमारे 2.4 पट आणि 11.5 टनांचा जवळजवळ 3.9 पट झीज करतो. जुळ्या एक्सलला, म्हणजे लागून असलेल्या दोन एक्सलांना मिळून, 21 टन, म्हणजे प्रत्येकी 10.5 टन परवानगी असल्यामुळे दिसायला अवजड असलेला ट्रक कधी कधी रस्त्याला अधिक मानवतो.

माझी खरी चूक मोजणीत झाली. जिल्ह्याच्या पूर्व भागातील, उसाची वाहतूक असलेला एक रस्ता मी एप्रिलमध्ये बेंकेलमन बीमने, म्हणजे वजनाखाली रस्ता किती दबतो ते मोजणाऱ्या लांब दांडीने, तपासला. भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडटायरांमध्ये बीमचे टोक सारायचे, ट्रक पुढे गेल्यावर दबलेला पृष्ठभाग किती वर येतो ते डायल गेजवर वाचायचे आणि फरकाची दुप्पट करायची. आकडे सुरेख आले आणि वरिष्ठांनी अहवाल तसाच परत पाठवला. उन्हाळ्यात काळी माती विटेसारखी कडक असते. पाऊस मुरल्यावर तीच लोण्यासारखी दबते, आणि गाळप हंगाम नेमका पावसाळ्याच्या पाठोपाठ सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजले, तेव्हा साइडपट्टी खचलेल्या पट्ट्यात बीमने वेगळेच आकडे दाखवले.

अशा वेळी सरासरीवर विसंबू नये. तिच्यात प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप, मिळवून येणारे मूल्य धरावे. तापल्यावर डांबर मऊ होते, म्हणून आकड्यांत डांबराच्या तापमानाची दुरुस्तीही विसरू नये.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 नुसार निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे. आपण फक्त शिफारस करतो. तीत ‘प्रति एक्सल’ हे शब्द ठळक लिहावेत आणि एक्सल तोलण्याची सोय कोठे आहे तेही नोंदवावे, कारण गावोगावच्या वजनकाट्यांवर बहुधा अख्खा ट्रकच तोलला जातो.