रिडक्शन झालं, पण गुणोत्तर चुकलं: सायक्लिक किटोनच्या प्रयोगात या चुका टाळा

४-टर्ट-ब्युटिलसायक्लोहेक्झॅनोन हे सायक्लिक (कार्बनच्या रिंगचं) किटोन घ्यायचं, मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, बर्फात ठेवून सोडियम बोरोहायड्राइड टाकायचं. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये याहून सरळ प्रयोग शोधून सापडणार नाही. किटोन संपतं, अल्कोहोल मिळतं, यिल्डही चांगलं येतं. मग एनएमआर (रेणूतले हायड्रोजन शिखरांच्या रूपात दाखवणारा आलेख) हातात पडतो आणि एकाच बॅचमध्ये कुणाचं ट्रान्स-सिस गुणोत्तर (हायड्रॉक्सिल आणि टर्ट-ब्युटिल रिंगच्या विरुद्ध बाजूंना असलेलं अल्कोहोल ट्रान्स, एकाच बाजूला असलेलं सिस) ८५:१५, कुणाचं ९१:९, तर कुणाचं ७०:३०. बाटली एकच, किटोन एकच, टेबलही शेजारशेजारचं. अशा वेळी सगळे हायड्राइडला, म्हणजे बोरोहायड्राइडला, दोष देतात. माझ्या मते हायड्राइड बहुतेक वेळा निर्दोष असतं. गुणोत्तर फ्लास्कमध्ये बिघडत नाही, ते वर्कअपमध्ये (नंतर प्रॉडक्ट वेगळं काढताना) किंवा इंटिग्रेशनच्या (शिखरांचं क्षेत्रफळ मोजण्याच्या) रेषेवर बिघडतं. आणि त्याच्याही आधी, अपेक्षित उत्तर काय हेच विद्यार्थ्याच्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये चुकीचं लिहिलेलं असतं.

‘कमी अडथळ्याच्या बाजूने’ हे अर्धंच उत्तर

व्हायवात हमखास ऐकू येणारं वाक्य: “हायड्राइड कमी अडथळ्याच्या बाजूने येतं.” हे खरं धरलं तर वरच्या प्रयोगात सिस अल्कोहोल जास्त यायला हवं. येतं उलट.

टर्ट-ब्युटिल गट इतका मोठा की तो इक्वेटोरियल (रिंगच्या कडेने बाहेर जाणारी) जागा सोडत नाही. अ‍ॅक्सियल (रिंगला उभा) व्हायला त्याला प्रति मोल सुमारे ४.९ किलोकॅलरी मोजाव्या लागतात. त्यामुळे रिंग एकाच चेअरमध्ये (खुर्चीसारख्या आकारात) अडकते आणि कार्बोनिलकडे जायचे दोन रस्ते स्पष्ट दिसतात. अ‍ॅक्सियल बाजूने येणाऱ्या हायड्राइडला ३ आणि ५ क्रमांकाच्या कार्बनवरचे अ‍ॅक्सियल हायड्रोजन आडवे येतात. इक्वेटोरियल बाजू मोकळी दिसते खरी, पण तिथून आलं की तयार होणारा नवा बंध शेजारच्या २ आणि ६ क्रमांकांवरच्या अ‍ॅक्सियल कार्बन-हायड्रोजन बंधांसमोर जवळपास झाकल्यासारखा येतो. हा टॉर्शनल ताण. लहान हायड्राइडला आडवे हायड्रोजन फारसे बोचत नाहीत, टॉर्शनचा ताण मात्र बोचतो. म्हणून ते अ‍ॅक्सियल बाजूने येतं, ऑक्सिजन इक्वेटोरियल जागी ढकलला जातो आणि ट्रान्स अल्कोहोल मिळतं. बोरोहायड्राइडने ८० ते ८६ टक्के, लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइडने ९० टक्क्यांच्या आसपास.

रिएजंट मोठा केला की हिशेब फिरतो. हर्बर्ट ब्राउन आणि एस. कृष्णमूर्ती यांनी १९७२ साली एल-सिलेक्ट्राइड, म्हणजे लिथियम ट्राय-सेकंडरी-ब्युटिलबोरोहायड्राइड, याच किटोनवर वापरून दाखवलं: शून्य अंशाला ९३ टक्के सिस, उणे ७८ अंशाला ९६.५ टक्के. एवढा अवजड रिएजंट अ‍ॅक्सियल हायड्रोजनांच्या मधून शिरूच शकत नाही, टॉर्शनचा ताण सोसून तो इक्वेटोरियल बाजूने येतो. ‘कमी अडथळा’ हे वाक्य इथे लागू पडतं, बोरोहायड्राइडला नाही.

दुसरं लोकप्रिय उत्तर: “ट्रान्स जास्त येतं, कारण ते जास्त स्थिर आहे.” उत्तर बरोबर, कारण चूक. हायड्राइड एकदा कार्बनवर गेलं की परत येत नाही. इथे स्थिरता ठरवत नाही, वेग ठरवतो. पुरावा आकड्यांतच आहे. आयसोप्रोपेनॉलमध्ये अ‍ॅल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड घालून दोन्ही अल्कोहोल एकमेकांत बदलू दिली, तर समतोलात ट्रान्स ८० टक्क्यांच्या किंचित खालीच राहतं. लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड त्याच्या वर जातं. नुसती स्थिरता कारण असती तर ते शक्य झालं नसतं. (सीप्लाक यांनी १९८१मध्ये मांडलेला इलेक्ट्रॉनिक युक्तिवादही आहे, त्यावर बराच वाद झाला. व्हायवात विचारलं तर सांगा, पण टॉर्शन समजल्याशिवाय तिकडे वळू नका.)

कापराची गंमत

कापूर हेही सायक्लिक किटोनच, पण त्याच्या रिंगवर आडवा पूल असतो; पुलाकडची बाजू एक्सो, तिच्या उलट एंडो. कापराच्या रिडक्शनमध्ये चूक शब्दांची होते. ‘एक्सो’ म्हणजे हल्ल्याची बाजू की अल्कोहोलची, हे न ठरवताच लिहिलं जातं. कापरात पुलावर दोन मिथाइल गट आहेत, त्यातला एक एक्सो बाजूवर छत धरून बसलेला असतो. म्हणून हायड्राइड खालून, एंडो बाजूने येतं आणि हायड्रॉक्सिल वर, एक्सो बाजूला जातो. हेच आयसोबॉर्निऑल. एंडो हल्ला, एक्सो अल्कोहोल. बोरोहायड्राइडने त्याचं प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान येतं, उरलेलं बॉर्निऑल. नॉरकॅम्फरमध्ये ते मिथाइल नाहीत, तिथे एक्सो बाजू मोकळी असते आणि एंडो अल्कोहोल जास्त मिळतं. ‘बायसायक्लिक किटोनमध्ये नेहमी एक्सो हल्ला’ असा नियम पाठ केलेला विद्यार्थी कापराशी येऊन अडखळतो.

पूजेच्या वड्या आणून प्रयोग करायचा मोह होतो. करू नका. त्यात काय मिसळलंय हे ठाऊक नसतं, आणि भीमसेनी कापूर नावाने मिळणारी वस्तू तर पारंपरिक अर्थाने बॉर्निऑलच आहे, म्हणजे तुमचं प्रॉडक्ट सुरुवातीलाच फ्लास्कमध्ये! शिवाय टर्पेंटाइनपासून बनवलेला कृत्रिम कापूर बहुधा रेसिमिक (दोन आरसा-प्रतिमांचं समान मिश्रण, म्हणून प्रकाश न वळवणारा) असतो. त्याने आयसोबॉर्निऑल-बॉर्निऑल गुणोत्तराला धक्का लागत नाही, पण पोलरीमीटरवर शून्याजवळचा आकडा पाहून “रिअ‍ॅक्शन फसली” असा निष्कर्ष काढणारे भेटतात.

कापूर उडतो, आयसोबॉर्निऑलही उडतं. रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) पूर्ण व्हॅक्यूम लावून गरम पाण्यात अर्धा तास सोडून दिलं की यिल्ड कंडेन्सरच्या नळीत पांढरं होऊन बसलेलं दिसतं. ईथर काढताना बाथ कोमट ठेवा, व्हॅक्यूम कमी ठेवा. मेल्टिंग पॉइंटही बंद कॅपिलरीत घ्या.

एनएमआर: बहुतेक गडबड इथेच

४-टर्ट-ब्युटिलसायक्लोहेक्झॅनॉलमध्ये मोजायचा तो हायड्रॉक्सिलच्याच कार्बनवरचा प्रोटॉन. ट्रान्समध्ये तो अ‍ॅक्सियल असतो, सुमारे ३.५ पीपीएमला (पीपीएम म्हणजे स्पेक्ट्रमवरची जागा) दिसतो. शेजारच्या दोन अ‍ॅक्सियल हायड्रोजनांशी ११ हर्ट्झ आणि दोन इक्वेटोरियल हायड्रोजनांशी ४ हर्ट्झच्या जवळपास कपलिंग (शेजाऱ्यांमुळे शिखराचं फुटणं), त्यामुळे शिखर जवळजवळ ३० हर्ट्झ पसरलेलं. सिसमध्ये तोच प्रोटॉन इक्वेटोरियल, सुमारे ४.०३ पीपीएमला, सगळी कपलिंग ३ हर्ट्झच्या घरातली, म्हणून अरुंद. जागा विसरलात तरी रुंदी पाहून ओळखता येतं. कार्बन एनएमआरमध्ये हाच कार्बन ट्रान्ससाठी ७१ आणि सिससाठी ६६च्या आसपास येतो. ओळख पटवायला तो उत्तम, गुणोत्तर काढायला मात्र नेहमीच्या कार्बन स्पेक्ट्रममधली उंची वापरू नका.

आता सापळा. ड्यूटेरोक्लोरोफॉर्ममध्ये मिथेनॉलचा मिथाइल ३.४९ पीपीएमला येतो. डायइथाइल ईथरचा चतुष्क (चार रेषांचं शिखर) ३.४८ला. म्हणजे वापरलेलं सॉल्व्हंट आणि वर्कअपचं सॉल्व्हंट दोन्ही बरोबर ट्रान्सच्या शिखराखाली लपतात, आणि मिथेनॉल तर एका रेणूमागे तीन प्रोटॉन घेऊन येतं. खरं गुणोत्तर ८५:१५ आहे आणि १०० रेणू अल्कोहोलमागे २० रेणू मिथेनॉल उरलंय असं धरा. ट्रान्सच्या जागी ८५ अधिक ६०, म्हणजे १४५. सिसच्या जागी १५. कागदावर येतं ९१:९. बोरोहायड्राइड वापरून लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइडसारखा निकाल! ज्याचं गुणोत्तर पुस्तकापेक्षा ‘चांगलं’ आलंय, त्याचा स्पेक्ट्रम मी आधी पाहतो.

उलट्या दिशेने फसवतं इथाइल अ‍ॅसिटेट. त्याचा चतुष्क ४.१२ला. नीट पाहिलं तर तो सिसच्या शिखरापासून वेगळा दिसतो, पण इंटिग्रेशनची रेषा ऐसपैस ओढली की दोन्ही एकत्र मोजले जातात. १०० रेणूंमागे १० रेणू इथाइल अ‍ॅसिटेट राहिलं तर ८५:१५चं ८५:३५ होतं, म्हणजे ७१:२९. ज्यांचं ‘खराब’ आलं, त्यांनी २.०५ला टोकदार सिंगलेट आणि १.२६ला त्रिक शोधावं. ईथरचं त्रिक १.२१ला सापडतं. मिथेनॉलला असा दुसरा साक्षीदार नाही, म्हणून ३.५च्या पसरट शिखरातून एखादी उंच सुई वर आलेली दिसते का ते पाहायचं. उपाय साधा आहे: नमुना थोड्या डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून पुन्हा उडवा, दोनदा. ५.३० पीपीएमला त्याचं शिखर राहिलं तरी ते कुणाच्या वाटेत येत नाही.

टर्ट-ब्युटिलच्या सिंगलेटवरून गुणोत्तर काढायचा प्रयत्न ३०० मेगाहर्ट्झवर करूच नका, दोन्ही जवळजवळ चिकटलेले असतात. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) उपलब्ध असेल तर सरळ क्षेत्रफळांची तुलना करा. दोघे आयसोमर असल्याने डिटेक्टरचा प्रतिसाद सारखाच धरता येतो.

मेल्टिंग पॉइंटवरून सिस की ट्रान्स ठरवणं तर सोडूनच द्या. शुद्ध स्वरूपात दोघांचेही ८० अंशांच्या आसपास, आणि मिश्रण त्याहून बरंच खाली वितळतं. कमी आकडा पाहून ‘अशुद्ध’ लिहू नका, ते दोन आयसोमर आहेत.

क्रूड म्हणजे क्रूडच

गुणोत्तर क्रूडवर, म्हणजे शुद्ध न केलेल्या प्रॉडक्टवर, घ्यायचं. रिक्रिस्टलायझेशन किंवा कॉलमनंतर घेतलेला आकडा रिअ‍ॅक्शनची निवड सांगत नाही, तुमच्या हाताची निवड सांगतो. सिलिकावर अ‍ॅक्सियल हायड्रॉक्सिल असलेलं सिस सहसा आधी उतरतं, ट्रान्स मागून. मधली फ्रॅक्शन सोडून दिली की गुणोत्तर हवं तसं ‘सुधारतं’. टीएलसी (सिलिकाच्या प्लेटवरची क्रोमॅटोग्राफी) यूव्हीखाली पाहून “काहीच नाही” म्हणणाऱ्यांसाठी: या अल्कोहोलमध्ये यूव्ही शोषणारं काही नाही. अ‍ॅनिसाल्डिहाइड किंवा परमँगनेटने प्लेट रंगवा. किटोन उरलंय का हे पाहायला २,४-डीएनपी (किटोनसोबत रंग देणारं रिएजंट) पुरेसं.

बोरेटही छळतं. रिडक्शन झाल्यावर अल्कोहोल काही काळ बोरॉनला चिकटूनच असतं. पाणी ओतून लगेच एक्स्ट्रॅक्शन केलं तर हाती चिकट पांढरं काहीतरी येतं आणि एनएमआरची शिखरं रुंदावतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने, फ्यूम हूडमध्ये, हायड्रोजन सुटायचा थांबेपर्यंत, आणि मग २०-३० मिनिटं ढवळत ठेवा. तरीही राहिलं तर मिथेनॉल घालून दोनदा उडवा, बोरॉन ट्रायमिथाइल बोरेट बनून निघून जातं. नंतर ते मिथेनॉल मात्र पूर्ण घालवा, नाहीतर ३.४९ आहेच.

बोरोहायड्राइडचा हिशेब

कागदावर एका मोलमध्ये चार हायड्राइड. १.५४ ग्रॅम किटोनला, म्हणजे १० मिलिमोलला, ९५ मिलिग्रॅम पुरायला हवं. मिथेनॉलमध्ये पुरत नाही, कारण मिथेनॉल स्वतःच त्याला खातं. दुप्पट घ्या, शून्य अंशाला, तीन-चार हप्त्यांत. एकदम ओतलं की फेस येतो, तापमान चढतं आणि निम्मा रिएजंट हायड्रोजन होऊन जातो. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडच्या लॅबमध्ये वारंवार उघडलेली बाटली गोळा होऊन बसते. चिमूटभर सौम्य आम्लात टाकून जोरात वायू सुटतो का हे आधी पाहिलं तर दुपार वाचते.

सिलेक्ट्राइड वापरताना

इथे निवड खरंच फ्लास्कमध्ये बिघडू शकते. ड्राय आइस-अ‍ॅसिटोनचा बाथ रिअ‍ॅक्शन संपण्याआधी काढला, किंवा किटोन झरझर ओतलं, तर आतलं तापमान बाथपेक्षा वर जातं. थर्मामीटर फ्लास्कच्या आत हवा. ओलाव्याने किंवा वयाने रिएजंट कमजोर झाला असेल तर किटोन उरतं, आणि मग सगळ्यात महाग चूक होते: “थोडंच राहिलंय” म्हणून वर बोरोहायड्राइड टाकून काम उरकलं जातं. उरलेल्या किटोनमधून ८० टक्क्यांहून जास्त ट्रान्स तयार होतं आणि ९६ टक्के सिसचं स्वप्न तिथेच संपतं. सिलेक्ट्राइडच आणखी घाला, किंवा उरलेलं किटोन वेगळं काढा.

वर्कअपमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाळता येत नाही. उरलेलं ट्रायब्युटिलबोरेन हवेत पेट घेऊ शकतं, त्याचं ऑक्सिडेशन थंडीतच, हळूहळू करा. त्यातून सेकंडरी ब्युटेनॉल तयार होतं आणि त्याचा प्रोटॉन ३.७ पीपीएमच्या आसपास येतो. ट्रान्सच्या शेजारीच! पाण्याने धुऊन आणि व्हॅक्यूमवर ते घालवल्याशिवाय इंटिग्रेशन करू नका.

मेंथोन आणि ईनोन, थोडक्यात

मेंथोन घेत असाल तर बाटलीत आयसोमेंथोन (त्याच किटोनचा आयसोमर) किती आहे ते आधी जीसीवर पाहा. आम्ल किंवा अल्कलीने दोघं एकमेकांत बदलतात, आणि मग मेंथॉल, निओमेंथॉल, आयसोमेंथॉल, निओआयसोमेंथॉल अशी चार शिखरं हाताळावी लागतात. त्यातली दोन रिडक्शनच्या निवडीमुळे आलेलीच नसतात.

सायक्लोहेक्झ-२-ईनोनसारख्या ईनोनवर (किटोनशेजारी दुहेरी बंध असलेल्या रेणूवर) नुसतं बोरोहायड्राइड दुहेरी बंधही खातं. त्यावर लुश यांची १९७८ची पद्धत: मिथेनॉलमध्ये सिरियम क्लोराइड, मग बोरोहायड्राइड. सिरियम क्लोराइड हेप्टाहायड्रेटच घ्यायचं, ओव्हनमध्ये वाळवत बसू नका. आणि इथे वर्कअपला हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी अमोनियम क्लोराइडचं द्रावण वापरा, अ‍ॅलिलिक अल्कोहोल आम्लात टिकत नाही.