सुती दोरीची जाळीदार पिशवी: गाठ एकच, मोजमाप मात्र पक्कं

2018 साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि घरात कापडी पिशव्यांची शोधाशोध सुरू झाली. तेव्हा मी पहिली दोरीची पिशवी विणली. हौसेने बाजारात नेली आणि परत येताना इमारतीच्या जिन्यावर त्यातली लिंबं एकामागून एक घरंगळत खाली गेली. गाठी व्यवस्थित होत्या, जाळी मोठी झाली होती. मॅक्रमेत, म्हणजे दोरीला गाठी मारत विणण्याच्या कामात, बहुतेकदा असंच होतं. गाठ तासाभरात जमते, घोळ होतो तो दोरी मोजताना.

दोरी घ्यायची ती 3 मिमी जाडीची, सुती, तीन पदरांना पीळ दिलेली. दुकानात एकपदरी मऊ दोरी दाखवतील. ती झालरीला छान, पण ओझ्याखाली पिंजते. सुतळी स्वस्त असते, मात्र तिचे तंतू कपड्यांना चिकटतात आणि ओली राहिली की ती कुजते. काथ्या हाताला टोचतो, त्याचं पायपुसणं करावं. मुठीसाठी 12 ते 15 सेंमी व्यासाची दोन लाकडी किंवा बांबूची कडी हवीत. भरतकामाची रिंग वापरायचा मोह होतो, पण ती बारीक असते, वजन पेलत नाही.

आता हिशेब. पिशवी जेवढी उंच हवी त्याच्या चौपट लांबी कड्यातून लोंबणाऱ्या प्रत्येक पदराला लागते. दोरी मधोमध दुमडून कड्यात अडकवायची, म्हणजे कापताना आठपट. 30 सेंमी उंचीसाठी अडीच मीटरचे तुकडे, एका कड्याला 10 या हिशेबाने एकूण 20. म्हणजे 50 मीटर दोरी. शेवटी थोडी उरेल, उरू द्या. कमी पडली तर मध्येच जोडलेली गाठ लपवता लपत नाही. कापण्याआधी त्या जागी सेलोटेप गुंडाळून टेपच्या मधोमध कात्री चालवायची, टोकं पिंजत नाहीत.

कडं दाराच्या हुकाला टांगा. तुकडा दुमडून त्याचा फासा कड्यामागून वर काढून पुढे घ्यायचा, दोन्ही टोकं फाशातून ओढून घट्ट करायची. असे दहा तुकडे लावले की 20 पदर लोंबतात.

मुख्य गाठ म्हणजे स्क्वेअर नॉट. पहिले चार पदर घ्या. मधले दोन स्वस्थ राहणार, काम करणार कडेचे दोघे. डावा पदर मधल्या दोघांवरून उजवीकडे न्या, डाव्या बाजूला फुगवटा राहू द्या. उजवा पदर या डाव्याच्या टोकावरून घेऊन मधल्या दोघांच्या मागून डावीकडे न्या आणि त्या फुगवट्यातून पुढे काढा. ओढा. ही अर्धी गाठ. उरलेली अर्धी आरशातल्यासारखी: आता उजवा वरून डावीकडे, डावा मागून उजवीकडे. दोन्ही वेळा डावीकडूनच सुरुवात केली तर गाठ तिरकी होऊन पीळ घेते. हात बसेपर्यंत टाकाऊ दोरीवर वीसेक गाठी मारा.

पहिल्या ओळीत पाच गाठी होतील. दुसऱ्या ओळीत दोन्ही कडांचे दोन-दोन पदर सोडून द्या आणि शेजारच्या दोन गाठींमधून दोन-दोन पदर घेऊन चार गाठी मारा. तिसऱ्या ओळीत पुन्हा पाच. ओळींमधलं अंतर सारखं राहायला मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची 3 सेंमी रुंद पट्टी कापून मध्ये धरते मी. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, जाळी खाली खाली सैल होत जाते. या 3 सेंमीत कांदे-बटाटे राहतात. लिंबं-मिरच्या आणायच्या असतील तर अंतर दीड सेंमी, ओळी दीडपट आणि तुकडे 3 मीटरचे.

दुसऱ्या कड्यावर अशाच तीन ओळी झाल्या की दोन्ही कडी पाठीला पाठ लावून टांगा. चौथ्या ओळीत दोन्ही बाजूंना चार-चार गाठी, आणि कडेला पुढचे दोन व मागचे दोन पदर मिळून एक गाठ. पिशवी इथे गोल होते. पुढची प्रत्येक फेरी दहा गाठींची. एकूण आठ ओळींवर थांबा. रिकामी पिशवी आखूड दिसते, पण तीन किलो बटाटे भरले की सुती जाळी आपसूक लांबते.

तळासाठी पिशवी आतली बाजू बाहेर काढून उलटी करा. पुढचा एक पदर आणि समोरचा मागचा एक, अशा जोडीने शेवटच्या ओळीला चिकटून वीस दुहेरी गाठी मारा. टोकं 3 सेंमी ठेवून कापा, गाठीवर कापडाच्या गोंदाचा थेंब सोडा, वाळल्यावर सुलट करा. भाजीवालीसमोर शिंक्याचं तुटलं अन् बोक्याचं फावलं असं व्हायला नको, म्हणून आधी घरीच पाण्याच्या दोन बाटल्या भरून रात्रभर टांगून ठेवा.

धुताना थंड पाणी, साधा साबण. पिळू नका, सावलीत पसरून वाळवा.

शिंक्यावरून आठवलं, त्याला ही स्क्वेअर नॉटही लागत नाही. अडीच मीटरचे चार तुकडे दुमडून एका कडीत अडकवा, आठ पदर होतील. 45 सेंमी खाली दोन-दोनच्या साध्या गाठी, 10 सेंमी खाली शेजारच्या दोन गाठींतला एक-एक पदर घेऊन पुन्हा तशाच गाठी, आणखी 8 सेंमीवर सगळ्यांची मिळून एक. कुंडी टांगणार असाल तर इथे मात्र नायलॉनच घ्या, रोजच्या पाण्याने ते कुजत नाही. गाठी घसरू नयेत म्हणून टोकं मेणबत्तीवर जरा वितळवून घ्या, खिडकी उघडी ठेवून.