सुख की नुसती मजा? चौदा दिवस वही ठेवून ओळखा

खिशात मावेल अशी वही घ्या. नोंदी मोबाइलमध्ये करू नका. नोंदीसाठी उघडलेला फोन लवकर खाली ठेवला जात नाही, आणि तपासायचं आहे ते नेमकं हेच.

पानावर पाच रकाने आखा: काय केलं, आधी ओढ किती होती, संपल्यावर लगेच कसं वाटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतंय, कोणाकोणाला कळलं. मधल्या तिन्हींत ० ते १० गुण. दिवसाला तीनच नोंदी. जास्त लिहायला गेलात की चार दिवसांत वही बाजूला पडते.

खरी मेख सकाळच्या रकान्यात आहे. तो उठल्याउठल्या भरा आणि भरताना आदल्या दिवशीचे आकडे हाताने झाका, नाहीतर मन तेच आकडे गिरवतं. समजा, रात्री दोन तास रील्स पाहिल्या: ओढ ९, लगेच ४, सकाळी २. मित्राचं घरसामान हलवायला गेलात: ओढ ३, लगेच ४ (पाठ भरून आलेली), सकाळी ८. पहिल्या नोंदीत ओढ जबर आहे, पण हाती काही लागलेलं नाही. हवंहवंसं वाटणं आणि प्रत्यक्षात आवडणं यांच्या यंत्रणा मेंदूत बऱ्याच वेगळ्या आहेत. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या प्रयोगांत डोपामीन (ओढीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर आपणहून खात नव्हते, तरी तोंडात गोड घातलं की आवडल्याच्या खुणा दिसत. म्हणून ओढीचा आकडा सुखाचा पुरावा मानू नका.

दुसऱ्या आठवड्यात कौतुकाची परीक्षा घ्या. ज्याबद्दल वाहवा मिळते असं एक काम निवडा आणि सात दिवस ते कोणालाही न सांगता करा. फोटो नाही, स्टेटस नाही, सहज म्हणून उल्लेखही नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळं फिकं वाटेल. तेवढ्यावरून निकाल देऊ नका. सातव्या दिवशीही हात कामाकडे वळत नसेल, तर ते काम बहुधा कौतुकावरच चाललं होतं. बाहेरचं बक्षीस मूळची गोडी कमी करू शकतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं. पुढे बक्षीस नसताना ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली.

इथे हमखास एक गफलत होते: लोकांसोबत मिळणारा आनंदही कौतुकाच्या खात्यात टाकला जातो. चारजण मिळून गाण्यात सुख आहेच. ‘कोणी काहीच बोललं नसतं, नुसते सोबत असते, तरी चाललं असतं का?’ हे विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर ती सोबत आहे, तिला हात लावू नका. आणि मजेलाही शत्रू ठरवू नका. तिच्याकडून सुखाची अपेक्षा केली की गाडी घसरते.

झोप अपुरी झालेल्या सकाळचे आकडे बाद करा. मात्र दोन्ही आठवडे एरवी आवडणाऱ्या गोष्टींनाही शून्य-एकच गुण पडत असतील, तर प्रश्न वहीने सुटणारा नाही. कशातच गोडी न वाटणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण आहे, डॉक्टरांना भेटा.

पंधराव्या दिवशी ‘लगेच’पेक्षा सकाळी गुण वाढलेल्या नोंदींभोवती गोल करा. त्यांतल्या दोन निवडून पुढच्या आठवड्यातला वार आणि वेळ तिथेच लिहा. त्यांची ओढ कमी असते. वेळ ठरवली नाही तर त्या राहूनच जातात.