काळ्या रानात द्राक्षाची गाडी जाईल असा शिवाररस्ता कसा करायचा

आमचा मळा निफाड तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून तीनशे मीटर आत. तीनशे मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण एका फेब्रुवारीत रात्री अवकाळी पडला आणि सकाळी माल भरलेली पिकअप निम्म्या वाटेत चाकं फिरवत बसली, ट्रॅक्टर लावून ओढली तर तिसऱ्या झटक्याला क्रेटवर क्रेट आदळले, मणी गळाले, व्यापाऱ्याने तिथंच उभ्या उभ्या भाव पाडला. आणि रस्ता जुना नव्हता बरं का, आदल्याच वर्षी आम्ही सात खातेदारांनी वर्गणी काढून मुरूम टाकून घेतलेला. तो रस्ता उकरून बघितला तेव्हा खाली वीतभर काळा चिखल आणि त्या चिखलात रुतलेले आमचे पैसे. दुसऱ्यांदा केला तेव्हा नीट केला, अजून टिकून आहे, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

आधी कागदाचं उरकून घेऊ. हद्दीवरून नवा रस्ता पाहिजे असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा, आणि वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. भाऊबंदकीचं काय असेल ते मशीन बोलवायच्या आधी मिटवा, जेसीबी तासावर चालतो आणि बांधावरचं भांडण दिवसावर.

आता माती. गोदा, कादवा, दारणा ह्यांच्या काठाची आपली काळी कसदार जमीन बागेला सोनं, पण रस्त्याला वैरी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे वर काहीही टाका, खालची गादी वर्षातून एकदा वर उठणार आणि एकदा खाली बसणार. आपली माती किती फुगते ते घरीच बघता येतं. एक फूट खालची माती घ्या, पूर्ण वाळवा, कुटून बारीक चाळणीने गाळा, १० ग्रॅमचे दोन भाग करा. १०० मिलीच्या दोन मापी नळ्या घ्या (शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तसल्या), एकीत रॉकेल, एकीत डिस्टिल्ड वॉटर, दोन्हीत एकेक भाग टाकून ढवळा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलात १० मिलीवर बसली आणि पाण्यात १८ वर, तर फुगवटा ८० टक्के. ५० च्या वर आलं की समजायचं ही माती जशी आहे तशी रस्त्याखाली ठेवायची नाही. रॉकेल मिळणं आता अवघड झालंय ती गोष्ट वेगळी, आम्हाला एका पेंटरकडे मिळालं. हे घरगुती झालं, काम मोठं असेल तर इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधून सीबीआर (माती किती भार झेलते त्याची चाचणी) करून घ्या, तोही भिजवलेल्या मातीचा. कोरड्या मातीचा आकडा छान येतो आणि फसवतो.

पहिल्या रस्त्याला सगळ्यात मोठी चूक इथं नव्हती तरी. चूक चारीची होती (चारी म्हणजे रस्त्याकडेचा पाणी काढून द्यायचा चर), म्हणजे चारीच नव्हती. ठेकेदार म्हणाला मुरूम जास्त टाकतो, चारी कशाला, आणि आम्हालाही वाटलं बरंय, दोन्हीकडची जमीन वाचली. शेजारचं ड्रीपचं पाणी, पावसाचं पाणी, स्प्रेची टाकी धुतलेलं पाणी, सगळं रस्त्याच्या पोटात. म्हणून क्रम असा धरा की मुरमाची एक ट्रिप यायच्या आधी चारी खणून झाली पाहिजे आणि तिचं पाणी शेवटी कुठल्या ओहोळात पडणार ते ठरलं पाहिजे. दोन्ही बाजूंना दोन फूट खोल, बाजू तिरक्या, उभ्या कापल्या तर काळी माती पहिल्याच पावसात ढासळते. तळाला दर १०० मीटरला निदान ३० ते ५० सेंटिमीटर उतार पाहिजे. डोळ्याने हे कळत नाही, आपल्याकडची सपाट राने फार फसवी, आम्ही गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दर दहा मीटरला खुंटी ठोकली तेव्हा कळलं की जिकडे पाणी जातं असं आजोबांपासून सगळे म्हणत होते त्याच्या उलट उतार आहे. शंभर मीटर चारी उलटी खणली असती.

मोरी. जिथं पाणी रस्ता ओलांडतं तिथं पाइप टाकायचाच, आणि बारका टाकू नका. आमच्या पहिल्या मोरीत एक फुटी पाइप होता, छाटणीच्या काड्या आणि मल्चिंगचा फाटका कागद अडकून दोन महिन्यांत बंद, मग पाणी रस्त्यावरून. ६०० मिमीच्या खाली जाऊच नका, ९०० बसला तर उत्तम, कारण मोठ्या पाइपात माणूस फावडं घेऊन वाकू शकतो. ह्यूम पाइप (सिमेंट काँक्रीटचा) एनपी ३ दर्जाचा घ्या, तुकडा अडीच मीटरचा येतो, साडेतीन मीटर रस्ता आणि दोन्हीकडच्या साईडपट्ट्या धरून तीन तुकडे लागतात. लोक दोनात भागवतात, मग मोरीवर रस्ता अरुंद होतो आणि ट्रॉलीचं मागचं चाक बरोबर तिथंच उतरतं. पाइपच्या डोक्यावर निदान दोन फूट भर पाहिजे नाहीतर लोडच्या गाडीने तडकतो. खाली मुरमाची किंवा पीसीसीची (बिनसळईच्या काँक्रीटची) गादी, आणि दोन्ही तोंडांना दगडी किंवा काँक्रीटची हेडवॉल म्हणजे आडवी भिंत, नसेल तर पाणी पाइपच्या बाहेरच्या अंगाने वाट काढतं आणि एक दिवस पाइप जागेवर आणि भर गायब.

मोठी कामंही ह्याच पाण्याच्या गोष्टीवर येऊन थांबतात. २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला तो आठवा. आणि आपल्या कसाऱ्याच्या घाटात रेल्वे १८६५ ला चढली, चढ ३७ ला १, आजही मागून जादा इंजिनं लावावी लागतात, पण पावसाळ्यात तिथल्या लोकांना खरी धास्ती चढाची नसते, दरडीची आणि पाण्याची असते.

चारी, मोरी झाली की आणखी एक काम, जे कोणीच करत नाही. रस्ता झाल्यावर तीन महिन्यांत कोणीतरी पाइपलाइन न्यायला आडवा खणणारच, आपल्याकडे हे ठरलेलं आहे. म्हणून प्रत्येक खातेदाराच्या बांधावर तीन फूट खोल एक रिकामा मोठा पीव्हीसी पाइप आडवा टाकून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा आणि बाजूला दगड रंगवून खूण करा, उद्या लाइन न्यायची तर त्यातून न्या. आम्ही आठ टाकले, त्यातले पाच आत्ताच वापरात आहेत.

मग काळ्या मातीचा इलाज. दोन रस्ते आहेत. एक, वरची फूटभर माती काढून टाका (बागेत पसरा, लोक भांडून नेतात) आणि मुरूम भरा. दुसरा, चुना. तिथल्याच मातीत वजनाच्या ३ ते ५ टक्के विरवलेला चुना मिसळला की मातीची फुगायची खोड बरीच कमी होते. हिशोब असा, सहा इंच थराला एका चौरस मीटरमध्ये साधारण २४० किलो माती येते, ४ टक्के म्हणजे दहा किलो चुना, आमच्या ३०० बाय साडेतीनला दहा टनाच्या वर गेला असता. रोटाव्हेटरने मिसळायचा, ओल ठेवून दिवसभर मुरू द्यायचा, मग दाबायचा आणि आठवडाभर वाळू द्यायचा नाही. हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय चुन्याला हात लावू नका, डोळ्यात गेला तर भारी पडतं. आम्ही मुरूम निवडला कारण खाण जवळ होती, लांब असती तर चुनाच परवडला असता.

मुरूम कसला ते बघून घ्या. ओला करून तळहातावर वळला आणि दोऱ्यासारखी बारीक वात झाली तर तो मुरूम नाही, लाल माती आहे, गाडी परत पाठवा. वात तुटली, हाताला खर लागली की चांगला. थर एका वेळी मोकळा २० सेंटिमीटरच्या वर पसरू नका, दाबल्यावर १५ राहतो. तीनशे मीटरला असा एक थर म्हणजे दाबलेला साधारण १५८ घनमीटर, मोकळा दोनशेच्या आसपास, म्हणजे सत्तर ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ब्रास मोजायला स्वतः उभं राहा. पाणी किती मारायचं, तर मूठभर मुरूम आवळा, लाडू झाला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे. पाणी सुटलं तर जास्त, लाडूच झाला नाही तर कमी. रोलर ८-१० टनी, कडेकडून मध्याकडे, प्रत्येक फेरीला मागचं अर्धं चाक आधीच्या पट्ट्यावर. उलटं केलं तर मुरूम कडेला सरकतो आणि पाठ सपाट होते. पाठ फुगीरच पाहिजे, मध्यापासून कडेपर्यंत पावणेदोन मीटरला सात सेंटिमीटर उतार, दोरी लावून बघा. आणि एकूण रस्ता रानापेक्षा दीड-दोन फूट वर आला पाहिजे.

एखाद्या ठिकाणी जमीन कायम दलदलीची असेल तर खडी टाकायच्या आधी जिओटेक्सटाइलचं कापड अंथरा, नाहीतर दगड खाली जातो आणि चिखल वर येतो. आमच्या चुलत्यांनी सुचवलं, "अरे शेततळ्याचा कागद उरलाय ना, तोच टाक की." तो नाही चालत तात्या, त्यातून पाणी जात नाही, वर अडकतं. हे कापड पाणी सोडतं आणि माती अडवतं, दोन तुकडे जोडताना निदान दीड फूट एकावर एक.

इथं थांबा. भराव आणि मुरूम एप्रिल-मेमध्ये, खरड छाटणीच्या गडबडीतून वेळ काढून करायचा, आणि वरची खडी त्याच वर्षी करायची नाही. एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या, जिथं बसायचा तिथं बसू द्या, दिवाळीनंतर खड्डे भरून मग खडीकरण. सगळ्यांना घाई असते, आम्हालाही होती, पण मोरीजवळचा भराव जुलैत चार बोटं खाली गेला तेव्हा पटलं.

खडीकरणात ७५ मिमी थराला ६३ ते ४५ मिमीची खडी, मोकळी चार इंच, तीनशे मीटरला ३७ ब्रासच्या आसपास. आधी कोरडी दाबायची, मग कच (खडीचा बारीक चुरा) पसरून झाडूने सांदीत घालायची, मग पाणी मारत रोलर, चाकापुढे रबडीची लाट दिसेपर्यंत. झालं का हे बघायची जुनी युक्ती अशी, एक खडी रोलरच्या पुढे ठेवा, आत रुतली तर अजून फेऱ्या मारा, चुरा झाली तर थर बसला. ऑपरेटर हसतो, हसू द्या.

डांबराची हौस असेल तर हे सगळं झाल्यावर. त्यात एकच गोष्ट पकडून ठेवा, तापमान. साधं व्हीजी ३० डांबर असेल तर माल पसरताना १४० अंशाच्या खाली नको आणि ९० च्या खाली गेल्यावर रोलर फिरवून उपयोग नाही. साधा थर्मामीटर घेऊन डंपरमागे उभे राहा. प्लांट लांब, डिसेंबरची आपल्याकडची थंडी (निफाडला पारा किती उतरतो ते सांगायला नको), माल रस्त्यातच गार होतो आणि मग खडी हाताने उपटून येते.

रस्ता मोडतं कोण, तर दुचाकी आणि कार नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी आशो रोड टेस्ट (मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक चालवून केलेली चाचणी) झाली, त्यातून निघालेला नियम असा की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की नुकसान साधारण सोळापट. म्हणून ऊसाची ओव्हरलोड ट्रॉली एकदा गेली की वर्षभराच्या पिकअपा विसरा. आम्ही गावात बसून ठरवलं, पावसानंतर दोन दिवस ट्रॉली अर्धीच भरायची. पाळतात? बरेचसे.

देखभालीला वर्षाला दोन दिवस लागतात. मेअखेरीला चाऱ्या आणि मोऱ्या साफ, आणि नांगरताना कोणी चारीत फाळ घातला असेल तर तेव्हाच बोला, दरवर्षी एक वीत करत चारी बांधात जाते. खड्डा भरायचा तर नुसती खडी ओतू नका, चौकोनी कापा, कडा उभ्या, चिखल काढा, दोन थरांत दाबा. आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, पाऊस चालू असतानाच, फावडं घेऊन पूर्ण रस्ता चालत जा, पाणी कुठं अडतंय ते तेव्हाच दिसतं. गेल्या वर्षी रात्री साडेअकराला मी आणि धाकटा भाऊ बॅटरी घेऊन गेलो तर दुसऱ्या मोरीच्या तोंडाशी कोणाचा तरी क्रेट अडकलेला, मागे गुडघाभर पाणी. क्रेट ओढला आणि पाणी असं सुटलं की भावाची चप्पलच घेऊन गेलं, ती सकाळी खालच्या ओहोळात बाभळीला अडकलेली सापडली.