मुसोलिनीच्या इटलीवर लिहिताना या चुका टाळा

इतिहासाचे पेपर तपासताना दोन वाक्यं हमखास भेटतात. ‘मुसोलिनीने रोमवर स्वारी करून सत्ता बळकावली’ आणि ‘पण त्याच्या काळात गाड्या वेळेवर धावायच्या’. दोन्ही फॅसिस्टांनीच पेरलेली, आणि शंभर वर्षांनी आपण ती मन लावून पाठ करतोय.

स्वारीचं प्रकरण. ऑक्टोबर १९२२ च्या अखेरीस काळे शर्टवाले, म्हणजे मुसोलिनीचे फॅसिस्ट स्वयंसेवक, पावसात भिजत रोमबाहेर ताटकळत होते. पंतप्रधान फाक्तांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला, पण राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सहीच केली नाही. मुसोलिनी ३० तारखेला मिलानहून रात्रीच्या रेल्वेने रोमला आला, तोही राजाचं बोलावणं आल्यावर. ‘बळकावली’ असं लिहिलं की राजा अलगद सुटतो. हाच राजा पुढे कामाला आला. २५ जुलै १९४३ च्या पहाटे फॅसिस्टांच्याच महापरिषदेत १९ विरुद्ध ७ मतांनी मुसोलिनीविरुद्ध ठराव झाला आणि त्याच दिवशी राजाने त्याला बडतर्फ करून अटक करवली. हिटलरच्या डोक्यावर असं कुणी नव्हतं. दोघांना एका मापाने मोजलं की इथेच घोटाळा होतो.

गाड्यांचं थोडक्यात. काही मुख्य मार्ग खरंच सुधारले, पण त्यातलं बरंच काम आधीच्या सरकारांनी सुरू केलेलं होतं. शिवाय उशीर झालाच तर तो छापणार कोण?

त्याला विदूषक समजणं ही मला सगळ्यांत घातक चूक वाटते. बाहेर काढलेली हनुवटी, सज्जातली भाषणं, ग्रीसमध्ये खाल्लेला मार, हसू येतंच. पण १९३५-३६ मध्ये इथिओपियात त्याच्या विमानांनी मस्टर्ड वायू टाकला, तोही विषारी वायूंवर बंदी घालणाऱ्या जिनिव्हा करारावर इटलीची सही असताना. फेब्रुवारी १९३७ मध्ये तिथला इटालियन व्हाइसरॉय ग्रात्सियानी याच्यावर हल्ला झाला, तर तीन दिवस अदिस अबाबात हजारो माणसं मारली गेली आणि घरं पेटवली गेली. मे महिन्यात देब्रे लिबानोसच्या मठातले भिक्षू गोळ्या घालून मारले. ज्यू-विरोधी कायदे १९३८ चे, म्हणजे जर्मन फौजा इटलीत शिरण्याच्या पाच वर्षं आधीचे. ‘हिटलरच्या नादी लागून बिघडला’ हे म्हणूनच टिकत नाही.

युद्ध फक्त नकाशावर दाखवणं. १८ डिसेंबर १९३५ ला इटालियन बायकांनी लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या इथिओपियाच्या युद्धासाठी देशाला दिल्या आणि बदल्यात लोखंडी घेतल्या. १९४२ मध्ये सामान्य माणसाचं पावाचं रेशन दिवसाला १५० ग्रॅमवर आलं, कॉफीच्या जागी चिकोरी आली. राजवटीवरचा विश्वास रणांगणाइतकाच या रांगांमध्ये उडाला.

तारीख न बघता ‘इटालियन शत्रू’ लिहिणं. यात आपण मराठी माणसं हमखास फसतो. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनला मराठा पलटणींसमोर मुसोलिनीचं सैन्य होतं. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली, जर्मनांनी देश ताब्यात घेतला, सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिक बंदी करून नेले आणि उत्तरेत मुसोलिनीला पुन्हा खुर्चीवर बसवलं. तेव्हा १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे लढले ते जर्मनांशी. तुकडीतले सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदुकीचा दस्ता उलटा धरून शेवटच्या दोघांना लोळवलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यावरचं ‘मुसोलिनीच्या फौजेशी लढताना’ हे वाक्य कुठे दिसलं, तर आधी ते खोडा.